मॅन रेच्या कॅमेऱ्याविना चित्रांना छायाचित्रे म्हणावे की प्रकाशचित्रे?

प्रश्न : अमेरिकन चित्रकार-छायाचित्रकार मॅन रे याने १९२२ च्या सुमारास पॅरिसमध्ये कॅमेऱ्याशिवाय केलेल्या ज्या चित्रांना स्वतःच्या नावावरून 'रेयोग्राफ' म्हटले, त्यांच्यावर मी एक लेख लिहीत आहे. मराठीत त्यांना छायाचित्रे म्हणावे की प्रकाशचित्रे?

उत्तर : एरवी हे दोन्ही शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. 'फोटो' म्हणजे ग्रीकमध्ये प्रकाश, म्हणून शब्दशः पाहता प्रकाशचित्र अचूक. रूढ मात्र छायाचित्र झाले. या चित्रांच्या बाबतीत तर छाया हाच शब्द अक्षरशः खरा आहे.

पॉल प्वारे या वेशभूषाकाराच्या पोशाखांचे फोटो धुताना प्रकाश न लागलेला एक फोटोचा कागद चुकून फोटो धुण्याच्या द्रावणात गेला, त्या ओल्या कागदावर आपण काचेचे नरसाळे, मापपात्र आणि तापमापी ठेवली आणि दिवा लावताच चित्र उमटू लागले, अशी हकिकत मॅन रेने स्वतः सांगितली आहे. उजेड पोहोचतो तिथे कागद काळा पडतो आणि वस्तूची सावली पडते तिथे तो पांढरा राहतो. काचेतून मात्र थोडा उजेड झिरपत असल्यामुळे तिची सावली करड्या छटांची, जणू आतून उजळलेली दिसते. संस्कृतात छाया म्हणजे सावली आणि कांतीही. ते दोन्ही अर्थ इथे एकाच जागी प्रत्यक्ष दिसतात, आणि या चित्रांपुढून माझा पाय निघत नाही तो त्यामुळेच.

तरीही नुसते 'छायाचित्र' लिहिल्यास वाचकाला कॅमेऱ्याने काढलेला फोटोच आठवेल. वस्तू कागदाला टेकलेली असते, म्हणून मी 'छायाठसा' हा शब्द सुचवतो. तो मराठीत सहज चालतो : छायाठसे, छायाठशांचा.

प्रतिसाद : शब्द आवडला, पण तो प्रकाराचे नाव म्हणून वापरावा. हंगेरियन कलावंत मोहोली-नॉज यांनी केलेल्या अशाच चित्रांना 'फोटोग्राम' म्हणतात. रेयोग्राफ हे नाव फक्त मॅन रेच्या चित्रांचे.

उत्तर : मान्य. मग वाक्य असे होईल : 'मॅन रेने १९२२ साली पॅरिसमध्ये आपल्या बारा छायाठशांचा संग्रह काढला; त्यांना तो रेयोग्राफ म्हणत असे.' त्याने कॅमेऱ्याने टिपलेल्या फॅशनच्या चित्रांना मात्र छायाचित्रेच म्हणावे.