स्टॅक की रजिस्टर? त्याआधी प्रोफायलर लावा

आपल्या भाषेचं स्टॅकवर (किमती एकावर एक रचून) चालणारं व्हीएम, म्हणजे प्रोग्रामच्या सूचना चालवणारं आभासी यंत्र, मोडून रजिस्टरचं (किमती क्रमांकाच्या कप्प्यांत ठेवणारं) करावं का, असं तुम्ही विचारलंय. लुआ या प्रोग्रामिंग भाषेने २००३ साली ५.० मध्ये तेच केलं. कारण सरळ आहे: तिन्ही लोकल (फंक्शनच्या आतली व्हेरिएबल) असतील तर 'अ = ब + क' साठी स्टॅकवर चार सूचना लागतात, रजिस्टरवर एकच पुरते. सूचना कमी, तेवढा डिस्पॅचचा, म्हणजे पुढची सूचना ओळखून तिच्या कोडकडे जाण्याचा, खर्चही कमी.

पण एवढी मोडतोड करण्याआधी प्रोफायलर (वेळ नेमका कुठे जातो ते दाखवणारं साधन) लावून बघा, अगदी कळकळीने सांगतोय. इथे गंगापूर रोडवरच्या खोलीत मी आठवडाभर डिस्पॅच लूपच घासत बसलो होतो. शेवटी दिसलं की निम्म्याहून जास्त वेळ व्हेरिएबलचं नाव हॅश टेबलमध्ये (नावावरून किंमत शोधायच्या तक्त्यात) शोधण्यात जातोय. लूपच्या प्रत्येक फेरीत तेच 'बेरीज' हे नाव! कंपाइल करतानाच प्रत्येक लोकलला क्रमांक देऊन टाकला आणि किंमत ॲरेतून थेट उचलली, की तो शोधच संपतो. पायथॉनही फंक्शनमधल्या लोकलसाठी हेच करतं.

जेआयटी (प्रोग्राम चालू असतानाच त्याचा मशीन कोड बनवणं) सध्या राहू द्या. पायथॉन ३.११ ला २०२२ मध्ये जेआयटीशिवाय सरासरी सव्वापट वेग मिळाला. वारंवार चालणाऱ्या सूचना समोर आलेला टाइप पाहून खास रूपात बदलणं, हा त्यातला मोठा भाग.

नाशिकचं कुणी असेल तर सांगा, कोड घेऊन भेटायला येतो.