राजवाड्याची दिवाळी रोषणाई फिल्मवर: बी शटर किती वेळ?

प्रश्न
पेंटॅक्स के १००० कॅमेरा, ५० मिमी एफ २ लेन्स, कोडॅक गोल्ड २०० फिल्म. ट्रायपॉड, केबल रिलीज (शटर दाबायची तार) आहे. इंदूरचा राजवाडा समोरच्या चौकातून घ्यायचाय. लेन्सचं छिद्र एफ ८ ला, शटर १ सेकंदावर ठेवलं तरी मीटरची सुई खालीच. बीवर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) किती मोजायचं? शिवाय गेल्या रोलवर माळांचे नुसते पांढरे ठिपके आले, भिंत काळी. असं का?

उत्तर १
मीटर बल्बांना भुलतं, म्हणून भिंत काळी. जवळ जाऊन दोन माळांमधली उजळलेली भिंत तेवढी मोजा, तीही एफ २ वर, म्हणजे छिद्र पूर्ण उघडं ठेवून. पाव सेकंद आला तर एफ ८ ला चार स्टॉप (दर स्टॉपला वेळ दुप्पट), म्हणजे ४ सेकंद. याहून अंधारात या मीटरवर भरवसा नको. गोल्डला १ सेकंदापुढे रेसिप्रॉसिटी नडते (वेळ लांबला की फिल्म उजेड कमी टिपते), तेव्हा ४ च्या जागी ६-७ द्या आणि तीच फ्रेम १२ सेकंदांना परत घ्या. निगेटिव्हला उजेड जास्त झालेला चालतो, कमी पडलेला नाही. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. लाकूड उजेड गिळतं. वरचे मजले हवे असतील तर १२ वालीच कामाला येईल.

उत्तर २
पूर्ण काळोखाची वाट बघू नका. सूर्यास्तानंतर २०-२५ मिनिटांनी आभाळ गडद निळं असतं, तेव्हाच छपराची कड सुटी दिसते. के १००० ला मिरर लॉकअप (आतला आरसा आधीच वर धरायची सोय) नाही. लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरा, बी उघडा, आरशाचा हादरा शमेपर्यंत दोन सेकंद थांबा, मग पुठ्ठा काढून मोजायला लागा. रिक्षाचा हेडलाइट आला की पुठ्ठा परत आडवा, मोजणी तेवढ्यापुरती बंद. यूव्ही फिल्टर काढा, नाहीतर प्रत्येक बल्बचं भूत (पुसट प्रतिबिंब) आभाळात.

प्रश्नकर्ता
आणि गर्दी? रंग बदलणाऱ्या एलईडी माळाही आहेत.

उत्तर १
चालणारे १२ सेकंदांत पुसले जातात. सेल्फीवाले उरतात, अर्धपारदर्शक! रंग बदलणाऱ्या माळा मात्र इतक्या वेळात मिसळून पांढुरक्या होतात. त्यांच्यासाठी एफ २.८, अर्धा सेकंद. एवढ्या कमी वेळात पुठ्ठ्याची युक्ती जमत नाही. म्हणून हादरा कमी करायला ट्रायपॉडचा मधला दांडा पूर्ण खाली घ्या आणि त्याला पिशवी लटकवा.

उत्तर ३
रोलची पहिली फ्रेम दिवसाउजेडी घ्या. रात्रीच्या निगेटिव्हवर फ्रेमची कड दिसत नाही, लॅबवाला मधूनच कापतो. स्कॅनला देताना ‘काळं काळंच ठेवा’ असं पाकिटावर लिहा; ऑटोवर आभाळ राखाडी आणि दाणेदार होऊन येतं.