मदत हवी आहे: नदीत पकडलेले मासे गरोदरपणात चालतील का?

मंडळी, मला गळ टाकून बसायचा जुना नाद आहे आणि जे लागेल ते घरीच खातो, पण नदीच्या वरच्या अंगाला कारखाने आहेत, शेतातलं पाणीही तिथेच उतरतं, आणि आता बायको गरोदर आहे म्हणून डोक्यात किडा वळवळायला लागलाय. सासरे म्हणतात नीट शिजवलं की सगळं मरतं. जंतू मरतील हो, पण पारा कसा मरणार? मासा ताजा, कल्ले लालभडक, मग ओळखायचं कसं? प्लीज "मासे बंद करा" एवढंच सांगू नका, ते घरी रोज ऐकतोय.

प्रतिसाद:
बघून, वास घेऊन काही कळत नाही, लॅब टेस्टच लागते. सासरे अर्धे बरोबर आहेत. पारा मिथाइलमर्क्युरी (पाण्यात तयार होणारं पाऱ्याचं विषारी रूप) होऊन मांसातल्या प्रोटीनलाच चिकटतो, त्यामुळे धुवा, तळा, उकळा, तो तिथेच. पीएफएएस (नॉनस्टिक, वॉटरप्रूफ वस्तूंमधली न विघटणारी) रसायनांचंही तेच. पीसीबी, डायऑक्सिन (दोन्ही कारखान्यांतली विषारी रसायनं) आणि डीडीटी (कीटकनाशक) मात्र चरबीत साठतात, म्हणून कातडी, पोटाची नि पाठीची चरबी आणि बाजूचा काळपट पट्टा काढून टाका, जाळीवर भाजून चरबी गळू द्या, आणि ते तेल रश्श्यात घेऊ नका. याने कमी होतं, शून्य नाही.

दुसरा प्रतिसाद:
छोटा मासा घ्या, पण जातही बघा. दुसरे मासे खाऊन मोठा झालेला म्हातारा शिकारी मासा म्हणजे खालच्या सगळ्यांचा पारा एकट्याच्या अंगात. तळाच्या गाळात चरणारेही नकोत, कारण बरीचशी घाण गाळातच बसते. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली तर त्या दिवशी गळ टाकूच नका, त्या शेवाळाचं विष उकळूनही जात नाही. आधी त्या पाण्याबद्दल सरकारी सूचना आहे का विचारा. सूचना नसेल तर अमेरिकेतल्या ईपीए-एफडीएचा (पर्यावरण आणि अन्न-औषध खात्यांचा) गरोदर बायकांसाठीचा सल्ला असा की असा स्वतः पकडलेला मासा आठवड्यातून एकदाच, साधारण ११३ ग्रॅम, आणि त्या आठवड्यात दुसरा कुठलाही मासा नाही. पण तुमच्या वर कारखाने आहेत, मी असतो तर टेस्ट होईपर्यंत बायकोला तेवढाही दिला नसता. कमी पाऱ्याचे दुसरीकडचे छोटे मासे द्या, बाळाच्या मेंदूला ओमेगा-३ (माशांतली चांगली चरबी) लागतंच.

धागाकर्ता:
भारी माहिती, थँक्स! आणि गाभोळी? तिला फार आवडते.

पहिला प्रतिसादक:
चरबीतली रसायनं अंड्यांतही उतरतात. या नदीची तरी नकोच.