गँट चार्ट आणि स्प्रिंट: भांडण कुठे होतं
यंत्र आणि सॉफ्टवेअर दोन्ही असलेल्या प्रोजेक्टला स्प्रिंट (कामाच्या छोट्या, ठरावीक मुदतीच्या फेऱ्या) झेपत नाहीत, असं म्हटलं जातं. झेपतात, पण गँट चार्टमध्ये (कामं तारखांवर आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता) युजर स्टोरी (वापरणाऱ्याला काय हवं ते सांगणारी छोटी कामं) कोंबल्या नाहीत तरच. चार्टवर फक्त टप्पे ठेवा: सर्किट बोर्डची ऑर्डर, सुटे भाग येण्याची तारीख, प्रमाणपत्राची चाचणी, हस्तांतरण. मधल्या काळात दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट. समजा बोर्ड यायला ६ आठवडे लागणार आहेत, तर ते ३ स्प्रिंट फर्मवेअर (यंत्राच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) सिम्युलेटरवर, म्हणजे बोर्डची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, चालवायचं. त्यासाठी कुठली पिन कशाला, संदेशाचा फॉरमॅट काय, हे ऑर्डर देण्याआधीच गोठवावं लागतं. गाडं अडतं ते इथेच: बोर्ड हातात येतो आणि फर्मवेअर भलत्याच पिनवर सिग्नल शोधत बसतं.

दुसरा घोळ टक्क्यांचा. १०० पैकी ६० पॉइंट (कामाच्या आकाराचे अंदाजी आकडे) झाले म्हणून चार्टवर ‘६०% पूर्ण’ लिहू नका. उरलेल्या ४० मध्ये बहुधा इंटिग्रेशन (सगळे भाग एकत्र जोडून चालवणं) दडलेलं असतं, शिवाय बॅकलॉग (करायच्या कामांची यादी) वाढतच असतो. टप्पा झाला की नाही, एवढंच नोंदवा. (शेवटी वेगळा ‘टेस्टिंग स्प्रिंट’ ठेवला असेल तर तो वॉटरफॉलच, म्हणजे एक टप्पा पूर्ण संपवून मगच पुढचा घ्यायची पद्धत, नाव काहीही द्या.)

बदलाला समितीची मंजुरी लागावी ती टप्प्याची तारीख, बजेट किंवा गोठवलेला इंटरफेस (वरच्या पिना आणि संदेशाचा फॉरमॅट) हलत असेल तेव्हाच. बॅकलॉगचा क्रम प्रॉडक्ट ओनरने (कुठलं काम आधी ते ठरवणारी व्यक्ती) कुणाच्या सहीशिवाय बदलावा.