बोलोन्या ते फ्लॉरेन्स माउंटन बाइकवर: गॉथिक लाइन आणि मराठा पलटणींची ठिकाणं

घाटवाट:
मंडळी, सप्टेंबरअखेर आम्ही चौघं इटलीतली ‘व्हिया देल्यी देई’ ही डोंगरवाट गाइडबरोबर सायकलने करणार आहोत. साधारण १३० किमी, चार दिवस, सायकली तिथेच भाड्याने. दुसऱ्या महायुद्धातली गॉथिक लाइन, म्हणजे जर्मनांची बचावफळी, याच डोंगरांतून जायची. मराठा पलटणी लढल्या ती ठिकाणं या वाटेवर लागतात का? शिवाय आमचा सराव सह्याद्रीतल्या कातळावरचा आणि लाल मातीतला. तिथं वेगळं काय असतं, गाइडला आधी काय विचारून ठेवावं?

जुनी_पलटण:
वाटेवर नाही लागत. हे आधीच लक्षात घेतलंत तर दिवसांची आखणी नीट होईल.

यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो माँतोनेच्या लढाईसाठी, १० जुलै १९४४. हे गाव खाली उंब्रिया प्रांतात, टायबरच्या वरच्या खोऱ्यात आहे आणि गॉथिक लाइनवरची मुख्य लढाई त्यानंतरची. माणगावजवळच्या पळसगावचा हा २२ वर्षांचा नाईक. मशीनगनच्या माऱ्यात तुकडीतला त्याच्याशिवाय कुणी उभा राहिला नाही, तेव्हा तो एकटा त्या ठाण्यावर चालून गेला. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्यानेच शेवटचे दोघे लोळवले. तिथंच त्याला गोळी लागली. त्याची समाधी कुठेच नाही, नाव कॅसिनो गावातल्या युद्धस्मारकावर आहे. माँतोनेत त्याच्या नावाचं छायाघड्याळ २०२३ साली उभारलंय. फ्लॉरेन्सहून गाडीने वेगळा दिवस ठेवा.

नामदेव जाधव यांचा व्हिक्टोरिया क्रॉस ९ एप्रिल १९४५चा, सेनियो नदीच्या बांधावरचा. तो भाग सपाट आहे. त्याला जोडून फोर्लीची भारतीय सैनिकांची दफनभूमी आणि दहनस्मारक पाहा. फोर्ली बोलोन्या–रिमिनी रेल्वेवरच आहे, त्यामुळे वाट सुरू करण्याआधीच्या दिवशी सहज होईल.

तुमच्या वाटेवर लागतो तो फुटा घाट, ९०३ मीटर. तिथं जर्मन सैनिकांची ३० हजारांहून जास्त थडगी आहेत. दगडी भिंत टेकडीला वेढे घेत माथ्यापर्यंत चढत जाते. सायकली बाहेर लावून चालत वर जा.

पण लढाई कळायची असेल तर जोगो घाट बघायलाच हवा. मुख्य रस्ता फुटावरून जात होता, म्हणून जर्मनांनी तिथं रणगाडाविरोधी खंदक आणि काँक्रीटची ठाणी करून भक्कम तयारी ठेवली होती. अमेरिकनांनी तिथं नुसता दबाव ठेवला आणि खरा घाव पूर्वेला जोगोवर घातला. दोन जर्मन सैन्यांच्या हद्दी तिथं जुळत होत्या, आणि अशा सांध्यावर मदत कुणी पाठवायची याचाच घोळ होतो. सप्टेंबर १९४४च्या मध्यास जोगोलगतचा आल्तुत्सो डोंगर पडला आणि फुटाची तटबंदी मागून उघडी पडली. स्कार्पेरियातून जोगोचा चढ सुमारे ६०० मीटरचा आहे. जाधवांची मराठा पलटण जिच्यात होती ती आठवी भारतीय डिव्हिजन याच्याही पूर्वेच्या डोंगरांत लढत होती.

रानात गंजलेलं लोखंड दिसलं तर हात लावू नका, पायानेही उलटवू नका. जिवंत तोफगोळा असू शकतो. जागा लक्षात ठेवून ११२ला कळवा.

स्पोक_नट:
मी फक्त सायकलीचं बोलतो.

तिथली राखाडी चिकणमाती ही तुमची खरी परीक्षा. पावसात मळ्यातली काळी माती कशी पायाला लोळ्यालोळ्यांनी चिकटते, तशीच ही टायर आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) मध्ये भरते आणि चाक थांबतं. अशा वेळी पेडलवर जोर लावला की मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) खेचला जाऊन त्याचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारी पट्टी, वाकतो किंवा तुटतो. उतरा, काटकीने माती काढा, मग चाक फिरवा. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, म्हणून भाड्याच्या सायकलीबरोबर त्याच मॉडेलचा जादा हँगर आणि चेनची क्विकलिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) मागूनच घ्या. रात्रभर पाऊस झाला असेल तर गाइडला डांबरी रस्त्याची पर्यायी वाट विचारा.

टायर २.४ इंची, ट्यूबलेस. ७०–७५ किलोच्या माणसाला पुढे २४, मागे २७ पीएसआय हवेच्या आसपास. पुढे १२० मिमी दबणारा फोर्क पुरतो. ब्रेक मात्र नीट बघून घ्या, पुढची डिस्क १८० मिमीपेक्षा लहान नको. लांब उतारावर दोन्ही ब्रेक सतत घासत ठेवले की पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात आणि ऑइल जुनं असेल तर लिव्हर पार आत जातो. वळणाआधी जोरात दाबा, मग पूर्ण सोडा.

आणि सायकल हातात आली की सगळ्यात आधी बघा, पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे. आपल्याकडे बहुतेक उजव्या, तिथल्या पुष्कळ सायकलींना डाव्या. सवयीने डावा लिव्हर आवळलात तर ओल्या पानांवर पुढचं चाक घसरेल. दुकानात ब्रेकच्या नळ्या (होज) अदलाबदल करून देतात, आधी सांगून ठेवा.

वाटेतल्या गात्सारो डोंगराच्या माथ्यावरून सायकल नेऊ नका. वळसा घालणारी वाट आहे, ती गाइडकडून ठरवून घ्या.

घाटवाट:
जुनी_पलटण, स्पोक_नट, दोघांचे मनापासून आभार. जोगोसाठी पाचवा दिवस काढतोय. वार कुठला चांगला?

जुनी_पलटण:
मंगळवार किंवा शुक्रवार. शिकारीचा हंगाम सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी सुरू होतो, आणि या दोन वारी इटलीभर शिकारीला बंदी असते. बाकीच्या दिवशी भडक नारिंगी जाकीट घाला. चेस्टनटच्या बागांत शिरू नका, त्या खासगी आहेत आणि फळं तेव्हा उतरायला लागलेली असतात.