बिटरेट ९८०० ठेवला तरी चित्र अडखळतं

मोबाइलचं शूटिंग डीव्हीडीवर घालताना बिटरेट (दर सेकंदाच्या चित्राला दिलेला डेटा) कमाल, म्हणजे ९८०० केबीपीएस ठेवला की क्वालिटी जात नाही, असं म्हणतात; ते अर्धंच खरं आहे. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तासांचं शूटिंग बसवायचं तर ऑडिओ धरून सरासरी ५.२ एमबीपीएसच (सेकंदाला मेगाबिट) वाट्याला येतात. ऑडिओला २२४ केबीपीएस आणि थोडी मोकळी जागा सोडून व्हिडिओ ४.८ वर, टू-पासने (आधी सगळा व्हिडिओ तपासून मग एन्कोड करणाऱ्या पद्धतीने) करा. तासाभराचंच असेल तर ८ पुरे. ९.८, म्हणजेच ते ९८००, ही मर्यादा आहे, तिथवर गेलं की जुने प्लेअर अडकतात.

पण अडखळण्याचं कारण बहुधा वेगळंच आहे. मोबाइलचं शूटिंग सहसा सेकंदाला ३० फ्रेमचं असतं आणि आपण सवयीने पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) निवडतो, म्हणजे २५. दर सेकंदाला पाच फ्रेम गळतात, कॅमेरा आडवा फिरला की लगेच दिसतं. अशा फाइलची सरळ एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) डिस्क करा, ७२०×४८०, २९.९७ फ्रेम. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर ती चालवतात. त्याआधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' नक्की निवडा. मोबाइलचा फ्रेमरेट मधेमधे बदलतो, आणि तसंच ठेवलं तर शेवटाकडे आवाज ओठांच्या मागेपुढे होतो.