जहाजांना प्लग देणार म्हणे, मग करळ फाट्यावरच्या ट्रेलरचं काय?

उरणकर: आमच्या उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरात धक्क्यावर लागलेल्या जहाजाला किनाऱ्यावरून वीज द्यायची, म्हणजे जनरेटर बंद, धूर बंद. ऐकायला झकास. पण आमच्या नाकात जातो तो बंदराच्या वाटेवर करळ फाट्याला कंटेनर घेऊन उभ्या ट्रेलरचा धूर, गॅलरीतल्या कपड्यांवर काळं बसतं ते त्याचंच. आधी कंटेनर रेल्वेवर टाका, यार्डातल्या डिझेल क्रेन विजेवर आणा, जहाजांचे लाड नंतर.

दर्यावर्दी: अजिबात पटलं नाही. ट्रकच्या बीएस-६ (गाड्यांच्या प्रदूषणाचा सरकारी निकष) डिझेलमध्ये सल्फर जास्तीत जास्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १०. जहाजाच्या तेलाला २०२० पासून मर्यादा ०.५ टक्के, म्हणजे ५००० पीपीएम, ५०० पट! आधी तर साडेतीन टक्के चालायचं. आणि जहाज उभं असलं तरी रीफर म्हणजे फ्रीजवाले कंटेनर, पंप, एसी सगळं चालू, जनरेटर रात्रंदिवस धडधडतोय. चिमणी उंच म्हणून तुम्हाला दिसत नाही एवढंच, दुपारी समुद्रावरून वारा सुटला की ते जमिनीकडेच येतं ना?

उरणकर: सल्फरचं ठीक, काजळीचं बोला. चिमणी ढगात, सायलेन्सर आमच्या नाकासमोर.

चंद्रपूरचा: आणि ही वीज येणार कुठून हो? कोळसा जळणार आमच्याकडे, राख आमच्याकडे, आणि बंदर झालं "ग्रीन".

दर्यावर्दी: @चंद्रपूरचा बरोबर बोललात, ग्रिडची वीज घेतली तर तसंच होणार. पण वीज सौर-पवनची विकत घेता येते, जहाजाच्या जनरेटरला ती सोय नाही. खरी भानगड वेगळीच आहे, बहुतेक जहाजांची वीज ६० हर्ट्झची (सेकंदाला ६० आवर्तनं), आपली वीज ५०, त्यामुळे नुसती केबल टाकून भागत नाही, ५० चं ६० करणारा कन्व्हर्टर लागतो आणि तो महाग.

ट्रेलरवाला: आम्हाला इंजिन चालू ठेवतो म्हणून शिव्या पडतात. अहो बंदराच्या गेटची लाईन जरा जरा सरकते, दर वेळी बंद-चालू करत बसलो तर स्टार्टर जातो, त्याचा खर्च कोण देणार? गाडी आली की लगेच आत घ्या, कोणाला हौस आहे डिझेल जाळायची.

उरणकर: ऐका! कन्व्हर्टरच्या आधी गेट सुधारा, पैसा पण कमी लागेल.

दर्यावर्दी: गेट सुधारा की, नको कोण म्हणतंय. पण सक्तीशिवाय जहाजवाला प्लग लावणार नाही, तेल स्वस्त पडलं की तेलच जाळणार. कॅलिफोर्नियात २०१४ पासून कंटेनर कंपन्यांवर सक्ती आहे, युरोपच्या मोठ्या बंदरांत २०३० पासून येतेय. तीच जहाजं इकडे येतात, सॉकेट घेऊन, आणि आपल्याकडे जनरेटर चालवत उभी राहतात.